धावदोरा

कॅरिंथिया, ऑक्टोबर १९२०

हिरवा कागद म्हणजे ऑस्ट्रिया,
पांढरा म्हणजे डोंगरापलीकडचं नवं राज्य.
नको असेल तो फाडायचा, हवा तो अखंड ठेवायचा,
दोन्ही पाकिटात घालायचे.
दिवसभर मी एवढंच सांगत होते, दोन भाषांत,
ज्या बाकावर पाढे शिकले त्याच बाकावर बसून.

आणि दिवसभर पडद्याआडून येत होता
फाटण्याचा आवाज.
कुणी चटकन फाडे, कोंबडीची मान मुरगळावी तसा,
कुणी इतका हळू
की रांगेला ऐकू जाऊ नये.
पण कागदच तो. हळू फाडला की जास्त बोलतो.

तिसऱ्या प्रहरी येरा शिंपीण आली.
मुलगी बोगद्यापलीकडे दिलेली,
भाऊ क्लागेनफुर्टला, रेल्वेत.
देवाशी ती स्लोव्हेनमध्ये बोलायची, गिऱ्हाइकाशी जर्मनमध्ये,
शिवताना कुणाशीच नाही.
ती आत गेली.
एकदा फाटलं.
पुन्हा एकदा फाटलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
रांगेतला गवळी खाकरला.
इटलीच्या लेफ्टनंटने घड्याळ काढलं, परत खिशात ठेवलं.

रात्री कंदिलाशी मोजणी.
हिरव्यांची चळत, पांढऱ्यांची चळत,
फाटक्यांसाठी बटाट्यांची रिकामी टोपली.
मग एका पाकिटातून निघाला
अर्धा हिरवा, अर्धा पांढरा,
मधोमध काळ्या दोऱ्याचे अकरा टाके,
शेवटी गाठ, दातांनी तोडलेली.
उरलेले दोन अर्धे नीट घडी घालून सोबत.

लेफ्टनंटने तो उजेडासमोर धरला.
"ही थट्टा आहे का?"
ग्राबनर मास्तर म्हणाले, नियमांत शिवणीबद्दल काही नाही.
दोघांनी नियम पुन्हा वाचले.
खरंच नव्हतं.

मी माझी बाही टेबलाखाली नेली.
तिच्या कडेलाही तोच टाका, डावीकडे किंचित कललेला.
गावातल्या साऱ्या कोपरांवर, गुडघ्यांवर,
लग्नाच्या कोटांवर, मेलेल्यांच्या सदऱ्यांवर तोच टाका होता.
कुणीच ओळखला नाही,
म्हणजे सगळ्यांनी ओळखला.
वहीत मीच लिहिलं: अवैध, एक.

सरहद्द डोंगरावरच राहिली.
त्या हिवाळ्यात बरेच जण आपल्याच घरात
हळू बोलायला शिकले.

मार्चमध्ये माझी बाही उसवली.
दोन आठवडे मी ती दुमडून घातली,
मग गेले.
तोंडात टाचण्या, गळ्यात टेप,
कॉलरमागे नेहमीसारखी ओवून ठेवलेली सुई.
माझ्या मनगटाभोवती टेप आवळून,
मान वर न करता तिने विचारलं,
"मोजलं?"

"मोजलं," मी म्हटलं.

"सोळा," ती टाचण्यांमधून म्हणाली,
आणि कापडावर खडूने रेघ ओढली.