जुनी दुरुस्ती

मे महिन्यात, धुळ्यात, दुपारी बारा वाजता
कागदालाही तहान लागते.
आर्द्रता बावीस, तापमान एक्केचाळीस.
नोंद करते, आणि घाम टेबलावर पडू नये म्हणून
मनगटाला रुमाल बांधते.
‘या खोलीत कूलर लावू नये’
ही दारावरची पाटी मीच लिहिलेली.

समोर तापीच्या उतारावरची वही.
मोडी. शाई अजून काळीकुळीत,
लिहिणाऱ्याने बोरू नुकताच कानावर ठेवला असावा.
बैल दोन. कापसाची बोचकी सहा.
कासार एक, बांगड्यांसह.
नवरी एक, वऱ्हाड अकरा, नवरीचे माफ.
त्याखाली पान आडवं फाटलेलं
आणि फाटीवर टेप.

म्हाताऱ्या नखासारखी पिवळी, कडक.
डिंक आत मुरून कागद झालाय
भज्यांच्या पुडीसारखा तेलकट, आरपार.
लखनौला शिकताना असली पानं पडद्यावर दाखवायचे
आणि आम्ही सगळे हसायचो.

गुरुवार आहे, म्हणून झुलाल अण्णा आलेत.
रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,
अजून खुर्चीवर बसत नाहीत. स्टूल त्यांचं ठरलेलं.
मी स्पॅच्युला गरम करते,
बाळाचं दूध पाहावं तसा मनगटावर टेकवून बघते,
टेपच्या कोपऱ्याखाली सरकवते.
पाव तासात एक बोट.

‘हाई मीच लायेल व्हती,’ अण्णा म्हणाले.

छत गळलं त्या साली.
साहेबांची बदली झालेली, नवे आलेले नाहीत.
पानं व्हरांड्यात सुतळीवर वाळत घातली,
आग्रा रोडवरून रोल आणला, पदरच्या पैशांनी,
बिल कुणी मंजूर करणार नव्हतंच.
दोन रात्री कंदिलाजवळ बसून चिकटवलं.
‘नही ते उडी जातं सगळं, ताई.’

स्पॅच्युला हातातच गार झाला.
मला ज्याचा राग येतोय ते अर्धं पान
नाहीतर रागावायलाही उरलं नसतं.

मग काडीवर कापूस, कापसावर द्रावण.
वासानं अण्णा बाहेर गेले, जाळीतून बघत राहिले.
डिंक पिवळा होऊन कापसावर येतो,
बोळा टाक, नवा घे, बोळा टाक.
एकोणचाळीस बोळ्यांनंतर एक ओळ दिसली.

‘काय लिखेल शे?’
वाचून दाखवलं:
शेळी एक. धनी पैलतीरी. पैसे येणे.

अण्णा खूप वेळ हसले.
डोळे पुसत म्हणाले, ‘आते कोन दी?’

खळ शिजवायला घेतली.
तीन दिवस भिजवलेला गहू, वाटून, गाळून, निवळून.
अण्णा वाटीत डोकावले:
‘हाई ते कुरडईना चीक शे व!’
तोच.
फक्त मीठ नाही, हिंग नाही,
आणि वाळवणाजवळ वाटी धरून बसलेली पोरं नाहीत.
फाटीवर जपानी कागदाची पट्टी बसली,
सायीइतकी पातळ.
पाणी लावलं की सुटेल अशी.
सुटावी अशीच लावायची असते.
माझ्यानंतर कुणीतरी येईल,
ओला कुंचला फिरवेल, माझं काम उचलून काढेल,
हसेल किंवा हसणार नाही.

अहवालात एक रकाना असतो.
पूर्वीची दुरुस्ती: चिकटपट्टी.
करणारा: इथे आम्ही ‘अज्ञात’ लिहितो,
हाताला सवयच झाली आहे.
‘अ’ लिहिला, खोडला.
झुलाल दगा कोळी, शिपाई.
हेतू: उडून जाऊ नये म्हणून.

निघालेली टेप बशीत गुंडाळी होऊन पडलेली.
‘हाई फेकानी का?’
नाही, म्हटलं, हिला नंबर देते.
अण्णांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं,
उन्हानं डोकं फिरलंय की काय पोरीचं.

साडेचार. आर्द्रता चोवीस.
लाइट गेली.
पानावर ब्लॉटिंग ठेवलं, त्यावर काच, काचेवर वजन,
आणि अंधारात आम्ही दोघं
पान वाळायची वाट बघत बसलो.