आठ सत्तावीस

काल डिचोलीत आठ सत्तावीसला वीज गेली,
मालिकेतल्या राजकन्येचा हात
सातव्या दाराच्या कडीवर असताना.

आज काजूच्या कारखान्यात
चीक लागू नये म्हणून हातांना तेल चोळता चोळता
तोच विषय.
कॉन्सेसांव म्हणते, उघडलं असणार.
बंद दार बाईला झोपू देतं होय?
सत्यवती म्हणते, आत राक्षस-बिक्षस काही नाही,
तिची सासू बसलीय, दुधाचा हिशेब लिहीत.
हसण्यात दोन बिया वाया गेल्या.

पण राजपुत्राचा दगड झालाय त्याचं काय,
कुणीतरी विचारलं.

शशिकला सहसा बोलत नाही.
नवरा बोटीवर, तीन वर्षं झाली, फोनही नाही.
"शाप असलेला बरा गो," म्हणाली,
"कुणी दिला ते तरी कळतं."

पाती थांबल्या.

तेवढ्यात सुपरवायझर पिळगावकर दारात.
त्याच्या घरी इन्व्हर्टर.
"मी पाहिला शेवट. सांगू?"

"नाका!"
सगळ्या एकदम ओरडल्या. मीसुद्धा.
तो बिचारा घड्याळ बघत मागे सरला.

शशिकलेनं पुढची बी उचलली,
पात्याखाली ठेवली नाही लगेच.
कानाशी नेऊन
हलवून पाहिली.