सत्र अकरावे

इंदोऱ्याच्या समाजभवनात, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात
चोवीस जणांना मी ऐकायला शिकवत होते.
म्हणजे पुस्तिकेत तसं लिहिलं होतं :
सत्र अकरावे, सक्रिय श्रवण, नव्वद मिनिटं.

कूलर असा गरजत होता
की ‘श्रवण’ हा शब्द मला तीनदा ओरडून सांगावा लागला.
कुणी हसलं नाही. वहीत उतरवून घेतला.

ही माणसं पुढच्या सोमवारी पोरांमध्ये जाणार होती :
दहावीला तीनदा बसलेल्या, काकाची ई-रिक्षा चालवणाऱ्या,
फुटाळ्याच्या काठावर दुपार ढकलणाऱ्या पोरांमध्ये,
घरी शिवणक्लास सांगून
लायब्ररीच्या जिन्यात बसणाऱ्या मुलींमध्ये.
मानधन साडेसात हजार. प्रवासभत्ता, बिल दिलं तर.

मी म्हटलं, नाटुकलं करू.
लंकेश उईके, तू सोळा वर्षांचा, शाळा सोडलेला.
सुकेशनीताई, तुम्ही त्याच्याशी बोला.

तिनं विचारलं, नाव काय?
विचारलं, जेवला काय बाप्पा?
विचारलं, शाळेत काहून नाही जात?
लंकेश खुर्चीच्या रेक्झिनमधलं भोक
बोटानं मोठं करत राहिला.
वा, मी म्हटलं, छान अभिनय.

मग त्याचे ओठ हलले.
ते वाक्य कूलरनं नेलं.
“बोल नं बे जोरात,” मागून कुणीतरी.
तो पुन्हा बोलला, आधीपेक्षा हळू.

तेव्हा कळलं, हा पुस्तिकेतला मुलगा नाही.
पुढच्या पानावर काय आहे ते मला आठवेना.
मी मार्कर उघडला. मिटला.

सुकेशनी ढोके,
आठवी पास, पंधरा वर्षं अंगणवाडीत मदतनीस,
जांभया देते म्हणून जिच्या नावापुढे मी
पेन्सिलीनं बारीक खूण केली होती,
ती उठली आणि कूलर बंद केला.

पाती दोन गरके मारून थांबली.
सेहेचाळीस अंश. वाळ्याचा वास हळूहळू मेला.
कामठी रोडवर एक ट्रक गिअर बदलत गेला,
तोही जाऊ दिला तिनं.
मग स्वतःची खुर्ची त्याच्या समोरून काढून शेजारी लावली,
दोघंही भिंतीकडे बघत.
“सांग,” म्हणाली. “नाही सांगितलं तरी चालते.”

त्यानं काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.
पाठी खुर्च्यांना चिकटल्या, उठलं कुणी नाही.
चहा आला तो दारातच थांबला.

संध्याकाळी अभिप्रायाचे फॉर्म वाटले :
आज आपण काय शिकलात?
बावीस जणांनी माझीच वाक्यं मला परत केली.
लंकेशचा फॉर्म कोरा.
सुकेशनीनं लिहिलं : कूलर लय आवाज करते. आईल टाका.

त्या खुणेसाठी मी खोडरबर शोधला, मिळाला नाही.
थुंकी लावून अंगठ्यानं पुसली.
कागदावर डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी नऊला पोचले
तर लंकेश बादलीनं कूलरमध्ये पाणी भरत होता.
“गुड मॉर्निंग मॅडम,” म्हणाला, मोठ्यानं,
काल काही झालंच नव्हतं असं.
मीही म्हटलं, गुड मॉर्निंग.
फळ्यावर लिहिलं :
सत्र बारावे. नोंदी कशा ठेवाव्यात.