वीसपैकी

मोंढ्याच्या कोपऱ्यावर मुनीरभाईंचं दुकान.
फेब्रुवारी सरत आलेला,
आत निंबोळी पेंडीचा वास, बाहेर ऊन.
भेंडी, गवार, दोडका, काकडी...
मी बोट दाखवत गेले,
त्यांनी एकही पाकीट काढलं नाही.
"बाई, बोअर किती वेळ चालतो?"
पाऊण तास, मी म्हणाले. कधी कमी.
"मग काकडी राहू द्या."

पाकिटाच्या पाठीवर निळ्या पेननं लिहून दिलं:
बी रात्रभर ओल्या फडक्यात.
सरी दक्षिणोत्तर.
दोडक्याला तुराट्यांचा मांडव आधीच करा,
वेल वाट पाहत नाही.
आणि खाली, दोन रेघा मारून,
भेंडीचे वीस दाणे वेगळे लावा, मोजा, येऊन सांगा.

मानवतची काळी माती
मार्चातच तोंड उघडून बसते.
भेगा बुजवल्या, उसाचं पाचट पसरलं,
दिवस मावळल्यावर पाणी दिलं
नळीवर अंगठा दाबून,
कणकेत घालावं तसं, बेताबेतानं.

सहाव्या दिवशी दोन-दोन पानं.
सतरा!
हाताची माती तशीच घेऊन सांगायला गेले.
मुनीरभाईंनी वही काढली,
सोळा लिहिलं.
"एक उन्हाच्या नावचं."

राग आला मला. घरापर्यंत पुरला.
जुनं लुगडं फाडून सावली बांधली
त्या सतराव्यावर, तेवढ्याच एकावर.

उन्हानं नाही नेलं ते.
कौसाबाईच्या शेळीनं नेलं,
लुगड्याच्या काठासकट.

आता काय सांगू जाऊन?
मुनीरभाईंच्या वहीत
शेळीला रकाना नाही.