रकाना सातवा

नवं परिपत्रक मी मागच्या परिपत्रकावर टाचलं,
ते त्याच्या मागच्यावर.
टाचणी आता पलीकडे निघत नाही.

देवरीच्या पुढं, जंगल विरळ होतं तिथं आमचं युनिट:
दोन टाक्या, तांब्याची एक भट्टी, अकरा माणसं,
आणि कुलपं. एक आमचं, त्यावर एक सरकारचं.
सरकारचं उघडायला बोरघरे साहेब
सोमवारी आणि गुरुवारी मोटारसायकलवर येतात.
मोह आंबायला वार पाहत नाही.

माझी पदवी राज्यशास्त्राची.
झनकलाल रहांगडालेनं विचारलं होतं,
"तुले दारूतलं काय समजते?"
काहीच नाही, म्हटलं.
"मंग जमते. हिशेब लिव."

तेव्हापासून लिहितो.
फुलं किती आली, किती भिजवली,
किती लिटर निघालं, किती उडून गेलं.
शंभरातलं किती हवेनं न्यावं
यालाही मर्यादा आहे; मागच्या वर्षी बदलली.
हवेला कोणी कळवलं नसावं.

हजेरीपट वेगळा, हिरव्या कापडाचा.
त्यात ठेकेदाराची माणसं निराळ्या पानावर,
मग एका सकाळी कागद येतो: तीही तुमचीच.
बायकांनी रात्री थांबू नये.
मग, थांबावं, पण लेखी संमती हवी,
गाडी हवी, वाटेवर दिवा हवा,
संडासाला आतून कडी हवी.
कडी मी स्वतः बसवली.
तेवढा एकच नियम मला पहिल्या वाचनात कळला.

आता हा नमुना. माणसागणिक एक.
नाव, वय, बँक, कुशल की अकुशल,
रकाना सातवा: पूर्वानुभव, पुराव्यासह.

हिरकन्याबाई कोडापे समोर बसली,
पदरात भाजलेली मोहफुलं, एकेक तोंडात टाकत.
टाकीला कान लावून सांगणारी बाई ही.
"अजून बोलते. चूप झाली का काढजा."
काचेचं मापक मग तेच सांगतं, अर्धा दिवस उशिरा.

"बाई, आधी कुठं काम केलं?"
"घरीच."
"किती वर्षं?"
"लगन झालं तवापासून. सासूनं शिकवलं."
"काही पुरावा?"
एक फूल चावून झालं.
"हाये नं. ठाण्यात."

तीन गुन्हे.
एकात दंड, एकात पंच फितूर,
एकाचा पंचनामा तिनं पिशवीतून काढलाच:
मातीची मडकी चार, सडवा अंदाजे साठ लिटर,
जागीच नष्ट केला.
तारीख, सही, शिक्का.
इतका पक्का अनुभवाचा दाखला
युनिटमध्ये दुसऱ्या कोणाकडे नाही.

मी पान उलटलं. मागे, बारीक अक्षरात:
दारूबंदीखाली गुन्हा असल्यास कामावर घेऊ नये.
पान परत सुलटं केलं.

सोमवारी साहेबांना विचारलं.
कुलपावर लाख ओतता ओतता म्हणाले, लेखी विचारा.
तिच्याकडे पाहिलं नाही.
ते गेल्यावर ती म्हणाली,
"लय जाड झाला. तवा काडीवानी होता, नवीनच नोकरी.
पहिलं मडकं यायच्यानं फुटेच ना.
दांडा घसरे नुसता.
मंग मीच दाखवलं, कुठं मारा लागते ते."

हेही लिहावं का,
प्रशिक्षण दिल्याचा अनुभव, एक दिवस?

पेनानं आधी लिहिलं: घरगुती.
खोडलं. खाडाखोड चालत नाही, टीप आहे तशी.
दुसरा नमुना काढला, सहा रकाने भरले,
कुशल वर खूण केली, जरा जोरानंच,
खालच्या पानावर उमटली.

आज मंगळवार. बाहेर हिरकन्याबाई
टाकीला गाल टेकवून उभी आहे, डोळे मिटून.
"आत्ता गा," ती म्हणते, "आत्ता चूप झाली."

मी कुलपाकडे पाहतो. लाख अजून ताजी आहे.
साहेब गुरुवारी.