राखेत हात

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं.
बॅगा आदल्या संध्याकाळीच दाराशी,
आणि मर्ल मागच्या ओट्यावर
गुडघे टेकून, ग्रिलच्या पोटात डोकं घालून.

अकरा वर्षांनी समुद्र बघायचा होता.
बिटररूटच्या खोऱ्यातून ओरेगनचा किनारा,
सहाशे मैल.
त्याचे तीन शर्ट मीच भरले.
ग्रिलची आवराआवर मात्र
त्याच्याशिवाय कुणी करायची नाही.

आधी हॉपर रिकामा.
सफरचंदाच्या लाकडाच्या गोळ्या, पेराएवढ्या,
खळखळत बादलीत उतरल्या.
झाकण दोनदा दाबलं.
"ओल लागली की फुगतात," तो म्हणाला,
मला नाही, बादलीला.
"फुगल्या की भुसा.
भुसा मळसूत्रात बसला की सिमेंट."
बसला होता एकदा.
चार जुलै, बारा पाहुणे,
आणि हा स्क्रूड्रायव्हर घेऊन ओट्यावर आडवा.
त्या दिवशी आम्ही बटाट्याचं सॅलड वाढलं
आणि नुसते पाव.

मळसूत्रात उरलेलं मग मोठ्या आचेवर जाळून टाकलं.
जाळ्या खरवडल्या. चरबीचं डबडं
कागदात गुंडाळून थेट गाडीत, गावाबाहेरच्या कचऱ्यासाठी;
ऑगस्ट सरत आला की डोंगरावरून अस्वलं उतरतात.
गेल्या साली इर्मा हॅस्केलच्या अंगणात आली एक, दोन पिलांसकट.
ग्रिल उताणं, चाटूनपुसून लख्ख.
इर्मा म्हणते, इतकं स्वच्छ
मला जन्मात जमलं नव्हतं.

आठ वाजले. नऊ.
काळं आच्छादन त्याच्या मांडीवर, घडी तशीच.
"झालं ना सगळं? झाक आता."
"सकाळी."
"सकाळी पाचला?"
"गार झालं की."

मला राग आला.
बाहेरून हात लावला तर पत्रा कधीच थंड.
मी दिवा मालवून आत आले,
उशीवर डोकं टेकलं
आणि ड्वेन आठवला.

ड्वेन, त्याचा धाकटा भाऊ.
त्यानंही बाहेरून हात लावून बघितला होता.
थंड लागला, झाकलं, बायकापोरांना घेऊन तळ्यावर गेला.
आत, राखेच्या दुलईत,
मटाराएवढा एक निखारा जागा.
ओटा गेला, मग स्वयंपाकघर,
मग दाराची ती चौकट
जिच्यावर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या.
माणसं घरात नव्हतीच.
खुणा होत्या.
विमावाल्यांनी चौकटीचे पैसे दिले.

ड्वेन आमच्याकडे जेवायला येतो
तेव्हा ओट्याकडे पाठ करून बसतो.
मर्ल त्याला कधी विचारत नाही,
खुर्ची तेवढी आधीच फिरवून ठेवतो.

पाचला उठले तर हा अंगणात,
बाही कोपरापर्यंत वर, तळहात राखेत.
डॉक्टर नाडी बघतात तसा, डोळे मिटून.
"तूही बघ," म्हणाला.
मी हात घातला.
पिठासारखी मऊ, आणि गार,
विहिरीच्या तळासारखी गार.
मग व्हॅक्युमनं ती राख ओढली,
ग्रिल भिंतीपासून चार पावलं लांब सरकवलं,
चाकांच्या खुट्ट्या दाबल्या,
आच्छादन चढवलं,
खाली वारा खेळायला बोटभर जागा ठेवून.
निघालो तेव्हा सात दहा.
मी काही बोलले नाही.
बोलले असते तर स्पोकेनपर्यंत तेच पुरलं असतं.

तिसऱ्या रात्री, न्यूपोर्टच्या हॉटेलात,
खिडकीबाहेर समुद्र आपल्याच नादात.
मर्ल अंधारात उठून बसला.
"गार होतं ना?"
"माझाही हात होता आत," मी म्हटलं.
"गार होतं."

तो कुशीवर वळला. घोरू लागला.

आणि मी टक्क जागी.
वायर?
भिंतीतून वायर
काढली होती का आपण?
इथे दोन, म्हणजे इर्माकडे तीन.
मी फोन हातात घेतला, ठेवला,
पुन्हा घेतला.