ळ

रेजमाल मी इतवारीतून आणते, शंभर नंबरचा.
दुकानदार विचारतो, घरी फर्निचरचं काम काढलं का मॅडम?
हो म्हणते. कुठं सांगत बसू
की याची अक्षरं कापायची आहेत.

कात्रीची धार दोन वळणांत जाते.
'ज्ञ'ला राग येतो,
'ळ' चष्म्यासारखा,
घाईत कापला की त्याचा एक डोळा लहान राहतो.

गोळीबार चौकामागं आमची खोली,
चौदा चटया, चौदा मुलं, एक कूलर,
पलीकडच्या गल्लीत पॉवरलूम.
त्या खटखटीत मी हळू बोलायला शिकले.
हळू बोललं की मुलं कान देतात.

यामिनी निमजे. वय चार वर्षं दोन महिने.
दोन बोटं कोमट पाण्यात बुडवून पुसलेली,
'य'वरून फिरवते. थांबते. पुन्हा.
"हे माह्यं हाय."
"तुझं कसं?"
"माह्या नावात पयले हेच येते."
आठवडाभर ती दुसरं काही उचलत नाही.
मीही पुढं सरकवत नाही.

मग एका गुरुवारी सुट्या अक्षरांची पेटी घेऊन बसली.
व्यंजनं गुलाबी, काने-मात्रा निळ्या,
बहिणीच्या उरलेल्या लग्नपत्रिकांची,
एखाद्याच्या पाठीवर अजून गणपतीचा सोनेरी कान.
लावलं: घर.
लावलं: बाबा.
मग बराच विचार करून: शाया.
त्याखाली डोया.
त्याखाली काया फया.

एकही अक्षर चुकलं नव्हतं.
कानाला आलं तेच हातानं ठेवलं होतं,
आणि तीन महिने मी हेच तर शिकवत होते.

लाकडी दट्ट्यांचं बरं असतं.
जाडा दट्ट्या बारक्या भोकात जातच नाही,
मूल आपणच काढतं, दुसरा शोधतं,
ताईनं तोंड उघडायचं काम नाही.
शब्दाला असं भोक कुठं असतं?
शाया बसतो. घट्ट बसतो,
तिची आई ज्या मापानं बोलते त्या मापात.

मला आठवली ती पट्टी.
फळा म्हण. मी फया.
फळा म्हण. मी फया.
आता माझा ळ इतका स्वच्छ
की ट्रेनिंगमध्ये पुण्याच्या बाया म्हणाल्या,
तुम्ही नागपूरच्या? वाटत नाही हो.
मी ते कौतुक समजून घरी आणलं.
फक्त ताप चढला की
'डोये दुखतात' म्हणते, असं नवरा सांगतो.

हात पुढं गेला होता माझा, गुलाबी 'य' उचलायला.
मागं घेतला.
"वाच," म्हटलं.
तिनं वाचलं, एकेक, दुकानातला हिशोब सांगावा तसं.

दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं खरखरीत 'ळ' ठेवला.
बोटं फिरवली. एक वाटोळं, दुसरं वाटोळं.
"हे कोन्तं?"
"ळ."
"य."
"ळ."
जीभ कुठं जाते ते दाखवायला मी तोंड उघडलं,
तिनं आत डोकावून पाहिलं, विहिरीत पाहतात तसं.
मग आपली जीभ मागं वळवली
आणि जे आलं ते ळ नव्हतं, य तर नव्हतंच,
'ड' असावा. दोघी हसलो.

"हे कोनाच्या नावात येते?"
"माझ्या. काळबांडे."
"कायबांडे ताई," तिनं म्हणून पाहिलं.
पाटी उचलली, माझ्या मांडीवर ठेवली.
"मंग हे तुमचं."
आणि चटई गुंडाळायला गेली, कडा जुळवत,
जशी मी शिकवली होती.

मी बसून राहिले.
दोन बोटं फिरवली, वरून खाली.
घाईतच कापला होता मी हा.